अंथरुणाला खिळलेला रुग्ण, घर आणि साहाय्यक साधने : एक आढावा

पक्षाघात, मणक्याची इजा, खुब्याचे मोडलेले हाड, कंपवाताची किंवा स्मृतिभ्रंशाची पुढची अवस्था, कर्करोगाचा अखेरचा टप्पा अशा निरनिराळ्या वाटांनी माणूस अंथरुणाला खिळतो. पण एकदा खिळल्यानंतर त्याच्या शरीरात जे घडत जाते ते सर्व रुग्णांत बरेचसे सारखे असते आणि त्यातले पुष्कळसे मूळ आजारामुळे नव्हे, तर पडून राहिल्यामुळे घडते. म्हणून या विषयाचा विचार रोगाच्या नावापासून सुरू न करता पडून राहण्याच्या परिणामांपासून सुरू करणे सोयीचे ठरते. साहाय्यक तंत्रज्ञान ही संज्ञाही येथे व्यापक अर्थाने घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना या संज्ञेत वस्तूंबरोबरच त्या वस्तूची निवड, ती रुग्णाच्या मापाला बसवणे, वापरायला शिकवणे आणि दुरुस्ती या सेवाही धरते. संघटनेने २०१६ साली अग्रक्रमाच्या ५० साधनांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात चष्मा, श्रवणयंत्र आणि चाकांची खुर्ची यांच्या जोडीने दाब कमी करणारी गादी आणि मलमूत्रावर ताबा न राहिलेल्यांसाठीची शोषक साधनेही आहेत. युनिसेफसह २०२२ साली काढलेल्या जागतिक अहवालात २५० कोटींहून अधिक लोकांना अशा एखाद्या तरी साधनाची गरज असून जवळजवळ १०० कोटी लोक त्यापासून वंचित आहेत, असे नमूद केले आहे. भारतात ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) साठीपुढील सुमारे एक-चतुर्थांश लोकांना आंघोळ, कपडे घालणे, अंथरुणातून उठणे यांपैकी किमान एक तरी दैनंदिन क्रिया करताना अडचण येत असल्याचे आढळले. या सर्वांत अंथरुणाला खिळलेले लोक थोडे असले, तरी घराची सर्वाधिक शक्ती त्यांच्यापाशी खर्च होते.

अंथरुणात पडून राहणे ही विश्रांती आहे आणि विश्रांती कधीच अपाय करत नाही, ही समजूत वैद्यकातही फार काळ टिकून होती. लंडनचे वैद्य रिचर्ड अ‍ॅशर यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेल्या एका छोट्या लेखात अंथरुणाचे धोके अवयवागणिक मांडले, तेव्हापासून तिला पद्धतशीर आव्हान मिळू लागले. पूर्ण विश्रांतीत स्नायूंची ताकद दररोज सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते, हाडांतील कॅल्शियम झिरपू लागते, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो, मूत्राशय पुरते रिकामे न झाल्याने जंतुसंसर्ग आणि खडे होतात, आतड्यांची हालचाल मंदावते आणि सांधे ज्या स्थितीत राहतात त्याच स्थितीत आखडून बसतात. काही आठवडे आडवा राहिलेला माणूस एकदम बसवला, तर त्याचा रक्तदाब उतरून त्याला घेरी येते, आणि घरची माणसे ‘आता बसणेही झेपत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून त्याला पुन्हा आडवे करतात. येथून पुढे हे चक्र आपोआप चालू राहते. घरी वापरायचे कोणतेही साधन हे चक्र कोठे तोडते, ही त्याच्या उपयुक्ततेची पहिली कसोटी आहे. दुसरी कसोटी, ते साधन शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे कष्ट कमी करते की वाढवते ही, आणि बाजारात या दुसऱ्या कसोटीचा विचार फारसा होत नाही.

पडून राहण्याच्या परिणामांपैकी घरात सर्वांत लवकर दिसणारा आणि सर्वांत जास्त छळणारा परिणाम म्हणजे शय्याव्रण, ज्याला घरोघरी बेडसोअर म्हणतात. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू अशा जेथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस थोडे असते, तेथे शरीराच्या भाराखाली केशवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि ऊती मरू लागतात. युजिन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतील दाब मोजून पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरांचा आकडा दिला आणि पुढे गाद्यांच्या जाहिरातींत तो लक्ष्मणरेषेसारखा वापरला जाऊ लागला. परंतु निरोगी तरुणांच्या बोटांवर मोजलेला हा आकडा वृद्ध, कुपोषित किंवा मधुमेही रुग्णाच्या माकडहाडाला तसाच लावता येत नाही, कारण अशा शरीरात त्याहून कमी दाबही पुरेसा घातक ठरतो. मायकेल कोसियाक यांनी १९५९ च्या सुमारास प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाबाइतकीच वेळही महत्त्वाची असल्याचे दिसले : पाऱ्याच्या ७० मिलिमीटरांचा दाब दोन तासांहून अधिक सलग राहिला, की ऊतींची हानी भरून न येणारी होते आणि तोच दाब मधूनमधून सैल केला, तर फारसे नुकसान होत नाही. आळीपाळीने फुगणाऱ्या हवेच्या गादीमागचे तत्त्व हेच आहे.

तत्त्व सापडण्यापूर्वीच व्यवहाराने उत्तर शोधले होते. स्कॉटिश वैद्य नील अर्नॉट यांनी १८३२ साली पाण्याने भरलेली गादी तयार केली होती, आणि भारतीय घरांत आजही वापरली जाणारी पाण्याची गादी तिचीच वंशज आहे. मात्र शय्याव्रणाविषयीची हताशा खऱ्या अर्थाने मोडली ती इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात. १९४४ च्या फेब्रुवारीत तेथे मणक्याच्या इजांसाठी उघडलेल्या विभागाचे प्रमुख लुडविग गुटमन यांनी कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा दंडक घातला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण व्रणांतून किंवा मूत्रमार्गातून होणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावत असत. गुटमन यांचे यश कोणत्याही यंत्राचे नव्हते. ते पाळीपाळीने जागणाऱ्या माणसांचे होते, आणि घरातील शुश्रूषेत नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ असते. रुग्णालयात रात्रपाळी असते, घरात एकच सून, मुलगी किंवा पत्नी असते, आणि तिला दर दोन तासांनी उठावे लागले, तर महिनाभरात दुसरा रुग्ण तयार होतो.

त्यामुळे गादीचा प्रश्न हा शुश्रूषा करणाऱ्याच्या झोपेचाही प्रश्न आहे, आणि या दृष्टीने अलीकडील दोन मोठे अभ्यास लक्षात घेण्याजोगे आहेत. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धसेवागृहांत नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९४२ रहिवाशांवर केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना उच्च घनतेच्या फोमची गादी देऊन दर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याची तुलना केली गेली, आणि तिन्ही गटांत व्रणांच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. ब्रिटनमधील ‘प्रेशर २’ या २०१९ च्या चाचणीत २,०२९ रुग्णांमध्ये हवेची आळीपाळीची गादी आणि उत्तम प्रतीची फोमची गादी यांची तुलना झाली. नवे व्रण हवेच्या गादीवर ६.९ टक्के आणि फोमवर ८.९ टक्के रुग्णांना झाले, म्हणजे महागड्या यंत्राने मिळवलेला फरक अगदी थोडा होता. या दोन्ही अभ्यासांतून चांगल्या गादीवर रात्री चार तासांची सलग झोप शुश्रूषा करणाऱ्याला मिळू शकेल अशी आशा वाटते खरी, परंतु ते संस्थांमध्ये, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली झालेले आहेत. भारतीय घरातील कापसाची, मध्ये खड्डा पडलेली गादी या चाचण्यांत कोठेच नव्हती. तिच्यावर झोपलेल्या रुग्णाला चार तासांचा हिशेब लावणे धोक्याचे आहे, आणि अशा घरात एखादा दाट फोमचा थर विकत घेणे हा बहुधा सर्वांत किफायतशीर खर्च ठरतो.

आपल्याकडे मात्र डॉक्टरांनी ‘एअरबेड घ्या’ म्हटले, की दोन-चार हजार रुपयांची फुगेवाली गादी आणि तिचा छोटा पंप घरी येतो, आणि पुढे काय करायचे हे कोणी सांगत नाही. ही गादी मूळ गादीच्या वर अंथरायची असते. ती खाली घालून वर कापसाची गादी टाकली, किंवा तिच्यावर रबरी कापड, घडी घातलेली चादर, जाड अंडरपॅड आणि वर सतरंजी असे थर चढवले, तर फुग्यांची हालचाल कातडीपर्यंत पोहोचतच नाही. पंपावरची चकती रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवायची असते, पण ‘जास्त हवा म्हणजे जास्त आराम’ या समजुतीने ती बहुतेक वेळा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेली आढळते, आणि हलक्या अंगाच्या वृद्धेसाठी गादी लाकडासारखी कडक होते. उलट हवा कमी पडली, तर हाड थेट खालच्या गादीला टेकते. हे ओळखण्याची एक साधी पद्धत परिचारिका वापरतात : तळहात वर करून हात गादीखाली, रुग्णाच्या माकडहाडाच्या नेमक्या खाली सरकवायचा, हात आणि हाड यांच्यामध्ये किमान एक इंच जाडीची हवा जाणवली नाही, तर गादी काम करत नाही. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि गादी हळूहळू बसत जाते, म्हणून पंपाची तार इन्व्हर्टरवर घेणे इष्ट. तो वीज फार थोडी खातो. गादी कितीही चांगली असली, तरी दिवसातून दोनदा कातडी पाहण्याला पर्याय नाही. बोटाने दाबल्यावर फिकट न होणारी लाली ही व्रणाची पहिली पायरी, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही, तेथे जागा शेजारच्यापेक्षा गरम, टणक, जांभळट किंवा काळवंडलेली लागते का, हे हाताने पाहावे लागते.

याच संदर्भात काही रूढ साधनांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. औषधांच्या दुकानांत सर्रास मिळणारी, मध्ये भोक असलेली रबरी गोल उशी कडेच्या ऊतींवर दाब वाढवून मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोडते, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तिचा वापर टाळण्यास सांगतात. टाचेखाली ठेवलेले पाणी भरलेले हातमोजेही तसेच निरुपयोगी आहेत. लाल झालेल्या जागी जोरात चोळून तेल लावण्याची प्रथा तर आतून आधीच दुखावलेल्या ऊती फाडते. याउलट पोटरीखाली लांब उशी ठेवून टाच अधांतरी ठेवणे, गुडघ्यांच्या मधे उशी घालणे आणि पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल देणे, हे बिनखर्चाचे उपाय अनेक यंत्रांहून अधिक काम करतात.

गादीनंतर येतो तो पलंग. अमेरिकी शल्यविशारद विलिस गॅच यांनी १९०९ साली तीन भागांत दुमडणारा पलंग प्रचारात आणला, आणि त्याआधी जॉर्ज फाउलर यांनी रुग्णाला अर्धवट बसवून ठेवण्याच्या स्थितीचा पुरस्कार केला होता; त्यांच्या नावाने ‘फाउलर कॉट’ आणि डोके तेवढेच उचलणारा ‘सेमी-फाउलर’ हे शब्द आज महाराष्ट्रातील भाड्याने सामान देणाऱ्या कोणत्याही दुकानात रुळलेले आहेत. या पलंगाचा खरा लाभ भरवताना, श्वास लागल्यावर आणि रुग्णाला खोली दिसावी म्हणून होतो. परंतु डोक्याची बाजू उचलली, की शरीर खाली घसरते आणि माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, तर आतले हाड पुढे सरकते. या आडव्या ताणाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. म्हणून आधी गुडघ्यांचा भाग थोडा उचलून मगच डोके उचलावे आणि जेवणानंतरचा अर्धा तास सरला, की पलंग पुन्हा ३० अंशांच्या आत आणावा. केवळ डोके उचलणारा स्वस्त पलंग या कारणाने अनेकदा खोटी बचत ठरतो. बाजूचे कठडेही निर्धोक नाहीत : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ अखेरपर्यंत कठड्यांत अडकण्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली आणि त्यांपैकी ४८० रुग्ण दगावले. गोंधळलेल्या अवस्थेतील वृद्धासाठी कठड्यांपेक्षा जमिनीलगत उतरवता येणारा पलंग आणि शेजारी अंथरलेली जाड सतरंजी अधिक सुरक्षित असते.

रुग्णाला उचलणे आणि सरकवणे हा शुश्रूषेतील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली, अनुकूल परिस्थितीतही परिचारकाने रुग्णाचा ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोंपेक्षा अधिक भार हाताने उचलू नये, अशी मर्यादा सुचवली. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक पायच नऊ-दहा किलोंचा भरतो, हे लक्षात घेतले, तर घराघरांतून एकटी बाई रोज काय करते याची कल्पना येते. परिचारक पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी आणि मामा यांच्या कंबरदुखीची तर कोठे नोंदही होत नाही. रुग्णाखाली आडवी घालून दोघांनी धरायची ‘ड्रॉ शीट’, घर्षण कमी करणारे गुळगुळीत दुहेरी कापड, पलंगावरून खुर्चीवर सरकण्यासाठी घोटीव फळी आणि कमरेला बांधायचा पट्टा ही साधने काही शेकड्यांपासून हजार-दोन हजारांत मिळतात किंवा शिवून घेता येतात. झोळीत बसवून उचलणारा हायड्रॉलिक किंवा विजेवर चालणारा लिफ्ट भारी रुग्णासाठी फार उपयोगाचा असतो, पण त्याचे चाकांचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात आणि मराठी मध्यमवर्गीय घरातला खाली सामान भरलेला पेटीचा दिवाण ते सरकू देत नाही. चाकांच्या खुर्चीची अडचण पुढच्या दारात येते : तिची रुंदी आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी साधारण सारखीच, त्यात उंबरठा, त्यामुळे खुर्ची दाराशी थांबते आणि माणूस पुन्हा हातावर उचलला जातो. दाराची चौकट रुंदावणे, उंबरठ्याला उतार करणे, कमोडजवळ भक्कम दांडी बसवणे ही गवंड्याची कामे असली, तरी तीच पुष्कळदा सर्वांत परिणामकारक साहाय्यक तंत्रज्ञान ठरतात.

कारण अंतिमतः उत्तम शय्या तयार करणे हे उद्दिष्ट नसून रुग्णाला जेवढे शक्य तेवढे शय्येबाहेर काढणे हे उद्दिष्ट आहे. दिवसातून दोनदा अर्धा तास टेकू देऊन खुर्चीवर बसवल्याने फुप्फुसे, आतडी, रक्तदाब आणि मन या चौघांनाही जे मिळते, ते कोणतीही गादी देऊ शकत नाही. भाड्याने मिळणारा ‘टिल्ट टेबल’, म्हणजे रुग्णाला पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभा करणारा तक्ता, पलंगावर बसून चालवायचे छोटे पेडल आणि पाऊल खाली लोंबकळू नये म्हणून घोट्याला बांधायचा खोबणीचा आधार यांचा उपयोग फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घरीही होतो. आयआयटी मद्रासमध्ये सुजाता श्रीनिवासन यांच्या नेतृत्वाखालील केंद्राने बसलेल्या माणसाला उभे करणारी चाकांची खुर्ची भारतीय गरजांनुसार तयार केली आहे. येथे आणखी एक साधी गोष्ट नोंदवायला हवी. माणूस अंथरुणाला खिळला, की त्याचा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी ‘आता काय उपयोग’ म्हणून कपाटात जातात, आणि मग तो ऐकत नाही, ओळखत नाही, नीट खात नाही अशी तक्रार सुरू होते.

मलमूत्राची व्यवस्था हा विषय लाजेमुळे लेखनात टाळला जातो, पण घरातील बहुतेक श्रम तेथेच खर्च होतात. डायपरमधील अतिशोषक कण ओलावा आत धरून ठेवतात, तरी लघवी आणि शौच यांच्या मिश्रणाने कातडी सोलवटते. कोमट पाण्याने पुसणे, कोरडे करणे आणि झिंक ऑक्साइडसारख्या मलमाचा पातळ थर देणे हा त्यावरचा उपाय. फ्रेडरिक फोली यांच्या नावाची, मूत्राशयात फुग्याने अडकून राहणारी नळी गेली अनेक दशके वापरात आहे. ती सोयीची वाटते, परंतु ती असेपर्यंत जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढत जातो. म्हणून लघवी अडलेली असणे किंवा व्रण भिजत असणे अशा कारणाशिवाय केवळ अंथरूण ओले होऊ नये म्हणून ती ठेवणे अयोग्य आहे. ठेवावीच लागली, तर पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली पण जमिनीला न टेकता टांगावी, आणि नळी लॅटेक्सची असल्यास दोन ते चार आठवड्यांनी, सिलिकॉनची असल्यास बारा आठवड्यांपर्यंत बदलावी. जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली मांडलेली, दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून लगेच काढण्याची पद्धत मणक्याच्या रुग्णांत अधिक सुरक्षित ठरली आहे. पुरुषांसाठी बाहेरून लावायची पिशवी उपलब्ध आहे. स्त्रियांसाठी तसे बाह्य साधन बनवणे शरीररचनेमुळे अवघड जाते, म्हणून त्यांच्या वाट्याला डायपर अधिक येतात. या डायपरांचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते वेगळे गुंडाळून देणे बंधनकारक केले, आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने अशा पुडक्यांवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली.

गिळणे आणि श्वास यांच्या बाबतीत साधने अधिक वैद्यकीय होत जातात. नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब असलेल्या रुग्णाला आडवे ठेवून भरवणे म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण देणे; डोके ३० ते ४५ अंश उंच आणि भरवल्यानंतर निदान अर्धा तास तसेच, हा नियम तोंडाने खाणाऱ्यांनाही लागू आहे. कोविडच्या २०२१ मधील लाटेत पुष्कळ घरांनी आणि मंडळांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. हे यंत्र झिओलाइटच्या कणांवर हवेतील नायट्रोजन अडवून सुमारे ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा प्राणवायू देते, पण मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्रही साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते, त्यामुळे भारनियमनाच्या गावात सिलिंडर राखीव असावाच लागतो. देवघरातील निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून ते दूर ठेवण्याची सूचना यंत्राबरोबरच द्यायला हवी.

निगराणीच्या उपकरणांविषयी मात्र उत्साह थोडा आवरता घेणे बरे. ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात जपानमध्ये शोधलेल्या तत्त्वावरचा पल्स ऑक्सिमीटर आज घरोघरी आहे. तथापि मायकेल सोडिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले, की अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये दडलेली प्राणवायूची कमतरता हे यंत्र गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा चुकवते. भारतीय कातडीच्या सर्व छटांना ही सावधगिरी लागू होते, आणि ९२-९३ हा आकडा पाहून निश्चिंत होण्यापेक्षा श्वासांची संख्याही मोजून पाहावी. गादीखाली ठेवून हृदयाचे ठोके आणि श्वास मोजणारे संवेदक भारतातही बनू लागले आहेत, परंतु त्यांच्या इशाऱ्यावर धावून येणारे कोणी नसेल, तर ते केवळ घरच्यांची काळजी वाढवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ सेवेमुळे आणि मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांमुळे डॉक्टर फोनवर भेटू शकतो. तो व्रणाचा फोटो पाहू शकतो, कूस बदलू शकत नाही.

बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी पहिले साधन म्हणजे हाताशी ठेवलेली बिनतारी बेल, जी दाराच्या घंटीच्या किमतीत येते. त्यापुढे पापणीच्या हालचालीने ‘हो-नाही’ सांगणे, चित्रफलक आणि नजरेने चालणारे संगणक अशी चढती श्रेणी आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारे अ‍ॅप मराठीतही आहे. ते मूलतः मुलांसाठी तयार झाले असले, तरी पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या प्रौढांना अशा साधनाची गरज तितकीच आहे. अक्षरफलक वापरायचा, तर देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे एक शब्द जुळवायला फार वेळ लागतो, म्हणून ‘दुखतंय’, ‘कूस बदला’, ‘पाणी’, ‘पंखा’ असे रोजचे शब्द अख्खे लिहिलेला फलक अधिक उपयोगी पडतो.

यंत्रमानव या प्रश्नाचे उत्तर देतील, अशी अपेक्षा जपानने सर्वांत गांभीर्याने बाळगली. तेथील रिकेन संस्थेने २००९ मध्ये ‘रीबा’ आणि २०१५ मध्ये ‘रोबेअर’ हे रुग्णाला दोन हातांवर उचलणारे अस्वलाच्या चेहऱ्याचे यंत्रमानव दाखवले. त्यांची छायाचित्रे जगभर गेली, यंत्रे मात्र घरांत पोहोचली नाहीत. मानवशास्त्रज्ञ जेम्स राइट यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपानी वृद्धसेवागृहांत आणलेल्या यंत्रमानवांना हलवणे, साफ करणे, चार्ज करणे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे यात कर्मचाऱ्यांचे काम उलट वाढल्याचे नोंदवले आहे. जपानचे खरे अनुकरणीय काम याहून खूप कमी चकचकीत आहे. एप्रिल २००० पासून लागू असलेल्या तेथील दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात दुमडणारा पलंग, दाब कमी करणारी गादी, लिफ्ट आणि चाकांची खुर्ची घरपोच भाड्याने मिळते, वापरणाऱ्याने उत्पन्नानुसार १० ते ३० टक्के रक्कम भरायची असते, आणि साधनांचा प्रशिक्षित सल्लागार घरी येऊन ती बसवून देतो, पुढे तपासतो आणि रुग्णाची अवस्था बदलली की साधनही बदलतो. खिळलेल्या माणसाची गरज महिन्यागणिक बदलत असल्यामुळे विक्रीपेक्षा भाडेपद्धत येथे मुळातच अधिक शास्त्रीय आहे.

भारतातील सरकारी योजनांची रचना मात्र चालू शकणाऱ्या माणसासमोर ठेवून झालेली दिसते. १९८१ पासूनची ‘अ‍ॅडिप’ योजना आणि २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना या दोन्हींचा भर शिबिरांतील वाटपावर आहे. कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सार्वजनिक कंपनीच्या काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे आणि चाकांच्या खुर्च्या तेथे दिल्या जातात. जो अंथरुणातून उठू शकत नाही तो शिबिराला येऊ शकत नाही, ही साधी बाब या रचनेत बसत नाही. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यात एक साधी हवेची गादी येते, ती वापरायला शिकवणारे कोणी येत नाही. आयुष्मान भारत विमा ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झाला, पण तो रुग्णालयातील उपचारांचा आहे. चिघळलेल्या व्रणावरच्या शस्त्रक्रियेला त्यातून पैसे मिळतील, व्रण टाळणाऱ्या गादीला नाही, हा हिशेब कोणत्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही.

याला अपवाद केरळचा. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून तेथे गावोगाव प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ साली राज्याने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले, आणि ग्रामपंचायतींनी नेमलेल्या परिचारिका घरोघर जाऊन नळी बदलणे, व्रण धुणे आणि घरच्यांना कूस बदलायला शिकवणे ही कामे करू लागल्या. तेथे पलंग आणि गाद्या पंचायत किंवा स्थानिक मंडळाकडून उसन्या मिळतात आणि गरज संपली की परत जातात. महाराष्ट्रातही या साखळीचा एक दुवा तयार आहे. सेवाभावी संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गणेश मंडळे चालवत असलेली रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनामत रक्कम घेऊन फाउलर कॉट, कमोड खुर्ची आणि कॉन्सन्ट्रेटर नाममात्र भाड्याने देतात. हे काम मोलाचे असूनही ते साहित्य देण्यापाशी थांबते. गादीच्या फुग्याला बारीक भोक पडले आहे का, पलंगाची मूठ फिरते का, कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर धुतला का, हे कोणी तपासत नाही आणि रुग्णाच्या घरी कोणी जात नाही.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांवर स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे, आणि ती अनेक ठिकाणी वर्षाअखेर किरकोळ रकमांच्या वाटपात संपते. पाच-सहा गावांनी हा निधी एकत्र करून चार पलंग, दहा गाद्या, एक लिफ्ट, आठवड्यातून एकदा घरी फिरणारी एक परिचारिका आणि दुरुस्तीसाठी गावातलाच एखादा इलेक्ट्रिशियन एवढी तरतूद केली, तर त्यासाठी नवा कायदा किंवा नवा शोध लागत नाही. दिव्यांगत्वाचा दाखला मिळवण्यासाठी खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून जिल्हा रुग्णालयात नेण्याची पद्धत तेवढी आरोग्य विभागाने बंद करावी आणि तपासणारा डॉक्टर त्याच्या घरी पाठवावा.